एक भोक जास्त

केगावच्या उंदीरघरात मे महिन्यातही बावीस डिग्री असतं.
बाहेर सोलापूर पंचेचाळीसवर भाजतंय,
वीज गेली की आधी उंदरांचा जनरेटर सुरू होतो,
मग, जमलं तर, आमचा पंखा.

सकाळी साडेसहाला मी पिंजरे उघडते.
एकवीस दिवसांचं पिल्लू मुठीत धरते,
कानाला पंच लावते. उजव्याला एक, डाव्याला दोन.
शेपटीचं टोक, कणीएवढं, नळीत.
ते चीं करतं. मी म्हणते, झालं, झालं.
हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नाही.

आमचे नायना जेकार्डचे पत्ते टोचायचे.
भोक असेल तिथे धागा उठतो,
नसेल तिथे निमूट खाली बसतो,
एवढ्यावर मोर होतो, वेल होते, कमळ होतं.
एकदा त्यांच्या हातून एक भोक जास्त पडलं.
मोराची मान तुटली.
एका चादरीत नव्हे,
त्या पत्त्यांवर निघालेल्या सगळ्या चादरींत, त्याच जागी.
शेठनं माल सेकंडमध्ये काढला.
त्यातली एक अजून घरात आहे. अम्मा पांघरते.

अम्माच्या रिपोर्टात सतरा नंबरच्या गुणसूत्रावर
दोन अक्षरं गळालेली.
उंदरात तेच वाक्य अकराव्यावर असतं,
तिथे आम्ही ती मुद्दाम गाळतो.

एक प्रत फाटकी असलेला नर, तशीच मादी, एका पिंजऱ्यात.
आठ पिल्लं धरावीत तर सहा होतात.
वर्षभराच्या वहीत बेरीज केली तरी
पाव हिस्सा कमीच.
दोन्ही प्रती फाटलेलं एकही पिल्लू
कधी माझ्या मुठीत आलं नाही.
सातव्या-आठव्या दिवशी गर्भाशय उघडलं तर
ओळीतल्या मण्यांमध्ये एखादा मणी बारका, काळपट,
आईचं शरीर त्याला पुसत आणलेलं.
डॉ. कुडक्याल मॅडम म्हणतात, लिही: शोषला गेला.
मी लिहिते.

ज्यांची दुसरी प्रत फक्त स्तनाच्या पेशींत कापली,
त्या जन्मतात, खेळतात, पिल्लांना पाजतात.
मग दहाव्या-अकराव्या महिन्यात कधीतरी
पुढच्या पायाजवळ काहीतरी लागतं हाताला.
पेशींवरचा पहारेकरीही काढून घेतला असेल
तर त्याच्याही आधी.
मला ते पटकन कळतं.
पंधरा वर्षं विड्या वळल्यात अम्माशेजारी बसून,
तंबाखूत काडी आली तर अंगठ्याला कळायचीच.
अम्मालाही अंगठ्यानंच कळलं होतं,
न्हाताना.
चार महिने बोलली नाही.

आणि एकच प्रत फाटकी असलेल्या साध्या उंदरिणी?
त्यांना बहुतेक काहीच होत नाही.
दोन-दोन वर्षं जगतात, लठ्ठ होतात,
कोपऱ्यात झोपून म्हाताऱ्या होतात.
अम्माचीही एकच फाटकी होती.
वय शेहेचाळीस.
मॅडम म्हणतात, उंदीर म्हणजे माणूस नव्हे.
पेपरमध्ये हे एका ओळीत बसतं.

काल रात्री गच्चीवर अम्मानं विचारलं,
तुझ्या त्या न जन्मलेल्या पिल्लांचं सांग परत.
सांगितलं.
मग म्हणाली, तुझ्या आधीची माझी दोन गेली
दुसऱ्या महिन्यात, ती तसलीच असतील का गं?
मी लगेच म्हणाले, छे,
त्याला आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून यावं लागतं.
आणि थांबले.

नायना म्हणजे अम्माच्या सख्ख्या मामाचा मुलगा.
आमच्यात मेनरिकम चालतं,
घरचं सूत घरात राहतं म्हणतात.
नायनांचं रक्त कुणी तपासलं नाही.
आता तपासायला ते नाहीत.
सांगता येत नाही, एवढंच खरं उत्तर होतं,
तेही माझ्या तोंडातून निघेना.

अम्मा चादरीवर मोराची मान चाचपत राहिली,
तुटल्या जागी बोट, पुढच्या मोराच्या तुटल्या जागी बोट.
कुठल्यातरी कारखान्यात रात्रपाळीचे माग खडखडत होते.
मग ती कुशीवर वळली.
पाचव्या दिवसाचं पाणी आहे पहाटे, म्हणाली,
गजर लावलास का?